झोपून ढकलायची दांडी

साठीत मी एक येडेपणा केला. तेव्हा स्वतःला लय हुशार समजायची. पोलीस भरतीची तयारी करणारी नात खिडकीला बांधलेला रबरी पट्टा उभ्यानं छातीपुढं ढकलायची, तेव्हा तिचे पाय थरथरायचे. बाकावर आडवी होऊन वजनाची दांडी ढकलताना मात्र पाय स्वस्थ. मला वाटलं, झोपून करायचं ते सोपं. घरात कोणी नसताना मी आडवी झाले, बाकाच्या खुंट्यांवरनं दांडी काढली आणि ती थेट छातीवर बसली. हलेना. ओरडायला श्वास पुरेना. वाटलं, आपण आता अशाच सापडणार. तेवढ्यात नात आली. दांडी उचलून रडवेली होत म्हणाली, "आजे, उभ्यानं पाय, पोट, कंबर समदे राबतेत. झोपल्यावर तोल सांभाळायचा नसतो, सगळा जोर छाती अन् दंडाचा, म्हणून तर तिथं मी जास्त वजन लावते. मरायचं हाय का तुला?"