अनुसूयाबाईंनी लिहून घेतलेलं

नरसिंहरावांना एखादा सिनेमा पसंत पडणं सोपं नव्हतं. बेंगळुरूच्या येलहंक्यात चार पिढ्या काढलेल्या घरातला हा माणूस. सगळी नोकरी कारखान्यात तपासनीस म्हणून झाली, आणि सुट्या भागांत खोट काढायची सवय निवृत्तीनंतर सिनेमांच्या मागे लागली. मराठी मंडळाच्या मासिकात अकरा वर्षं त्यांचं सदर चाललं. दर महिन्याला दोन सिनेमे, एक त्यांच्या आवडीचा आणि एक बायकोच्या. त्यांना गाण्याबजावण्याचे लागत, अनुसूयाबाईंना हलकेफुलके, शेवटी लग्न होणारे.

डोळ्यांच्या दुखण्यामुळे नरसिंहरावांना पडद्यावरचं मोठं तेवढं दिसे, कागदावरचं अक्षर लागत नसे. म्हणून ते सांगत आणि अनुसूयाबाई लिहून घेत. अंक आला की त्याच वाचून दाखवत. मंडळात भेटणारे लोक म्हणत, तुमच्या लिहिण्यात किती माया असते. नरसिंहरावांना वाटे, आपल्या बेंगळुरूची माणसं सभ्य, तोंडावर वाईट बोलत नाहीत.

फेब्रुवारीत अनुसूयाबाई गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. तीन अंक सदराविना निघाले. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि भिंतींच्या पोपड्यांत खोट काढून तरी किती काढणार? म्हणून मासिकाचं संपादन पाहणाऱ्या निधीचा फोन आला तेव्हा ते लगेच हो म्हणाले. सदर गेलं तर नवराबायकोचं म्हणून काहीच चालू राहणार नाही, ही त्यांची खरी भीती होती.

दोन्ही सिनेमे त्यांनी एकट्याने पाहिले. एक जुन्या काळच्या गवयाच्या आयुष्यावरचा, दुसरा प्रेमात पडून भांडणाऱ्या जोडीचा. दुसऱ्याला सगळं थिएटर हसत होतं आणि हे एकटे चिडत होते. परीक्षण त्यांनी फोनवर सांगितलं आणि निधीने लिहून घेतलं.

रविवारी निधी व्हाइटफील्डहून दोन तास ट्रॅफिक सोसून घरी आली. पुण्याची, आयटीतली, मनात येईल ते बोलून टाकणारी मुलगी. चहा संपेपर्यंत मात्र तिने धीर धरला.

“काका, खरं सांगू? हे तुमचं वाटतच नाही. इतकं रागावून तुम्ही कधी लिहिलं नाहीत.”

“मी अकरा वर्षं हेच लिहितोय, अम्मा.” कुठल्याही मुलीला ते कानडी रिवाजाने अम्माच म्हणत.

निधीने फोनमध्ये अनुसूयाबाईंनी पाठवलेल्या पानांचे फोटो उघडले आणि जानेवारीचं शेवटचं पान वाचायला घेतलं. पहिलं वाक्य नरसिंहरावांचं होतं, दुसरंही त्यांचंच. मग त्यांनी पोरकट ठरवलेला सिनेमा आला.

“कथा साधीच आहे,” निधी वाचत होती, “पण मध्यंतरानंतर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू आलं. शेजारच्या खुर्चीतलं माणूस शेवटपर्यंत हसलं नाही. पण सोबतीला होतं, तेवढ्यावर भागलं.”

नरसिंहरावांनी कपबशी खाली ठेवली. अंक वाचून दाखवताना हे वाक्य कधीच आलं नव्हतं. बायकोने त्यांचं त्यांना ऐकवलं होतं आणि छापायला आपलं दिलं होतं. राग यायला हवा होता, पण आली ती लाज. ती हसू लागली की आपण कोपराने ढोसून तिला गप्प करत होतो, एवढंच त्यांना आठवलं.

“स्वल्प थांब. परत वाच,” ते म्हणाले. निधीने परत वाचलं. मग त्यांनी या महिन्याचं वाचायला सांगितलं.

“गवयाच्या बायकोवर दिग्दर्शकाने वीस मिनिटं वाया घालवली आहेत. मागे बसून तंबोरा धरणाऱ्या बाईत पाहण्यासारखं काय असतं?”

नरसिंहरावांनी हात वर करून तिला थांबवलं. “ते काढ.”

निधीने ते वाक्य खोडलं आणि त्या जागी काय घालू, असं विचारलं. बायकोने काय लिहिलं असतं, हे त्यांना काही केल्या सुचेना. अकरा वर्षं शेजारी बसून त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला कसा वाटला. मग परक्या मुलीसमोर त्यांना रडू कोसळलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

“राहू दे, काहीच छापू नकोस,” ते म्हणाले. “सदर तिचं होतं, अम्मा. ते फेब्रुवारीतच बंद पडलं.”