चुकलेला पाचवा दिवस

माझ्या आईचे वडील नत्थुजी बहुरूपी. आकोटपासून अमरावतीपर्यंतच्या गावांत त्यांनी पस्तीस वर्षं सोंगं घेतली, पण राजा एकदाही झाले नाहीत. हवालदार झाले, सुईण झाले, तोतरा वैद्य झाले, जावयाला शिव्या घालणारी सासू झाले. "राजा कोनाच्या दारावर येते का? शिपाई येते," असं ते म्हणायचे.

बहुरूप्याचा रिवाज साधा. चार दिवस रोज नवं सोंग घेऊन गावात शिरायचं. पाचव्या दिवशी तोंड धुऊन, आपल्या कपड्यांत दारोदार जायचं आणि सांगायचं, की तो हवालदार मीच होतो, ती सुईण मीच. मग लोक हसत हसत सूपभर ज्वारी घालत. पाचवा दिवस चुकवला तर ती कला नाही, लबाडी, असं त्यांच्या बापानं शपथ घालून सांगितलेलं. अंगात ताप असतानाही आजोबांनी तो दिवस कधी चुकवला नव्हता.

ही गोष्ट घडली त्या साली अमेरिकेत लढाई पेटलेली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. तेल्हाऱ्याजवळच्या एका गावचे भगवंतराव पाटील आजोबांचे जुने चाहते. दर साली धोतरजोडी द्यायचे, पंगतीत शेजारी बसवायचे. त्या माणसाचं नाव घेताना माझं तोंड अजून कडू होतं. पण आजोबा त्यांना भाऊ मानत, हेही सांगायलाच हवं.

माघात, चौथ्या दिवशीच्या सोंगाआधी पाटलांनी आजोबांना बोलावलं.

"नत्थु, आज मुंबईचा कापूसदलाल कर. अकोल्याच्या शेटजीचा कोट अन् पागोटं आनून ठेवलं हाये. लढाई संपली, भाव बसला, मी कापूस घेत नाई, असं बजारात सांग. लोकाइची कशी फजिती होते ते पाहू. उद्या तू दारावर गेला का हासतीन सारे."

आजोबांना मोह पडला. दलाल त्यांनी कधी केला नव्हता, पण अमरावतीच्या बाजारात उभं राहून निरखून पाहिला होता.

एरवी दुपारपर्यंत कोणीतरी "नत्थ्या आला रे!" असं ओरडायचंच. त्या दिवशी कोणी ओरडलं नाही, कारण पाटील स्वतः उठले, त्यांनी दलालाला हात जोडले आणि गादीवर बसवलं. पाटील ज्याला हात जोडतो तो माणूस खोटा कसा असेल? आजोबांनी कापूस चिमटीत धरून उन्हात पाहिला, नाक मुरडलं आणि लढाई संपल्याचं सांगितलं. लोकांची तोंडं उतरली. सोंग काय झकास वठलं, म्हणून आजोबा मनात खूश झाले. ती खुशी पुढं त्यांना जन्मभर टोचत राहिली.

सोंग उतरवतात तोच पाटलांची दमणी, बैल जुंपलेली हलकी गाडी, दाराशी. "शेटजीचा कोट आजच्या आज तूच अकोल्याले पोचव, नाई तं माही इज्जत जाईन. गावाले मी सांगतो. तू परत आला का दारावर जाय."

आजोबा गेले. भावावर भरवसा ठेवायचा नाही तर कोणावर?

अकोल्यात शेटजी भेटेपर्यंत दोन दिवस गेले. बाजारात पाहतात तर भाव होता तिथंच होता, लढाई चालूच होती. तेवढ्यात पाटलांच्या गाड्या आल्या, कापसानं भरलेल्या. एका गाडीवरचं ठिगळाचं बोचकं आजोबांनी ओळखलं. ते पार्बताबाईचं होतं. ही विधवा बाई दर पाचव्या दिवशी पहिलं सूप त्यांना घालायची.

गाडीवान म्हणाला, "पाटलानं उपकार केले बाप्पा. दलाल निंगून गेला, तरी अर्ध्या भावात साऱ्या गावाचा कापूस उचलला."

आजोबा तसेच उलट पावली गावाकडं निघाले.

परत येऊन ते चावडीवर सगळ्यांसमोर उभे राहिले. "तो दलाल मी होतो! पाटलानं करायले लावलं मले!"

पाटील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "पाहा रे, नत्थुनं नवं सोंग आनलं. दगा झालेल्या मानसाचं!"

गाव पोट धरून हसलं. आजोबा रडायला लागले तसे लोक "वा!" म्हणायला लागले.

पार्बताबाई हसली नाही. तिनं घरातून सूप आणलं.

"बाई, नको," आजोबा म्हणाले.

"घे भाऊ. पाचवा दिवस तुनं चुकवला. मी नाई चुकवत."

त्यानंतर आजोबांनी रंगाची पेटी उघडली नाही. पण मरेपर्यंत, अकरा वर्षं, दर माघात ते त्या गावी जात राहिले. उघड्या तोंडानं, आपल्या कपड्यांत दारोदार सांगायचे, "तो दलाल मी होतो." लोक पोराबाळांना बोलावून आणायचे, ऐकायचे आणि ज्वारी घालायचे.

आजही त्या गावात कोणालाही विचारा. नत्थुजीचं सगळ्यात गाजलेलं सोंग म्हणून ते हेच सांगतात.