दुसऱ्याचं अंग

फ्लेक्सच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाढदिवस का श्रद्धांजली?" आम्ही बातमीसाठी गेलो होतो, पण दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटरवरून मान वर न करता आम्हालाही तेच विचारलं. माझ्या सोबतचा लातूरवाला म्हणाला, "अजून ठरवायलोत." तो हसला, ते पोरही हसलं. मला हसू आलं नाही. मी तिथं कशासाठी आले होते ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मी नांदेडला पत्रकारिता शिकते. दर सत्राला आम्ही विद्यार्थ्यांनी मिळून एक प्रायोगिक अंक काढायचा असतो. आपल्याच भागात फिरायचं, लोक कसे राहतात, नवीन काय आलंय, कुठं काय दुखतंय ते लिहायचं. एकीनं इस्लापूरजवळच्या धबधब्यावर लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी घेतली, एकानं शहरातल्या मेसचे डबे. मी म्हणाले, मी फाट्याफाट्यावरचे फ्लेक्स घेते. सर खूश झाले. "भावी सरपंच, भावी आमदार! मजा येईल," म्हणाले. मजा कसली डोंबलाची! पण मी मान डोलावली, आणि सोबतीला लातूरवाल्याला मागून घेतलं.

लातूरवाला म्हणजे घरच्यांनी डॉक्टर करायला क्लासला कोंडलेला आणि तिथून निसटून आमच्याकडं आलेला प्राणी. जिभेला हाड नाही. त्याच्यापुढं दगडसुद्धा बोलायला लागेल, म्हणून मी त्याला घेतलं असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. पाठमोरा तो माझ्या भावासारखा दिसायचा. वर्गात तो पुढच्या बाकावर बसला की मी कितीदा तरी तास विसरून त्याच्या पाठीकडं बघत राहायचे.

दादा गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. रात्री मुदखेडहून गाडीवर घरी येत होता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला दिवा नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या दोस्तांनी आमच्या फाट्यावर भला मोठा फ्लेक्स उभा केला. मातीहून परत येताना मायनं तो पाहिला. सगळ्या बाया तिला धरून होत्या आणि ती एकदम थांबली. म्हणाली, "हा कोट कुणाचा हाय?"

दादानं जन्मात कोट घातला नव्हता. फ्लेक्सवर मात्र तो काळ्या कोटात, लाल टाय लावून, हात जोडून उभा होता. रंगही गोरा केलेला. आमच्या घरात कुणी गोरं नाही. माय त्या फ्लेक्सकडं बघून म्हणाली, "मव्हं लेकरू आसं न्हाई." बायांना वाटलं, दुःखानं बोलते. मला माहीत होतं, ती अगदी साधी खरी गोष्ट बोलत होती.

तेव्हापासून मायचा एकच धोसरा होता. तिला दादाचा फोटो पाहिजे होता, तो होता तसा. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला. आता कुणी म्हणेल, हल्ली फोटोला काय तोटा? ज्याचं जळतं त्याला कळतं, बाबांनो. दादाचा मोबाइल ट्रॉलीखाली चुरा झाला. आधार कार्डावर तो चोर दिसतो. दहावीच्या फोटोत त्याला मिशीही नाही. दोस्तांकडं फोटो होते, पण कशात गॉगल, कशात तोंड वाकडं केलेलं, आणि एकात कुठल्याशा अ‍ॅपनं त्याच्या डोक्यावर कुत्र्याचे कान बसवलेले. तो फोटो मायला दाखवणाऱ्याला मी अशा शिव्या दिल्या की तो पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. एकच चांगला फोटो होता. मावसभावाच्या लग्नातला. त्यात दादा समोर बघत होता, हसू दाबून. तोच दोस्तांनी फ्लेक्सला पाठवला होता, आणि नंतर ज्याच्या मोबाइलमध्ये होता त्याचा मोबाइलच बाजारात चोरीला गेला. म्हणजे तो फोटो असलाच तर फ्लेक्सवाल्याकडं.

माय दर शनिवारी फोनवर विचारायची, "तू गावोगावचं लिहून राहिलीस, आपल्या घरातल्या लेकराचा एक फोटू हुडकता येईना व्हय तुला?"

आणि तो कोट. तो कोट मला छळायचा. नांदेडहून भोकरच्या रस्त्यानं एसटीत खिडकीशी बसलं की प्रत्येक फाट्यावर तोच कोट उभा. तोच टाय, तेच जोडलेले हात, बोटातली तीच अंगठी. वर डोकं निराळं. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं दहावं. दादा फाट्याफाट्यावर डोकी बदलून उभा आहे असं वाटून मी खिडकीकडं पाठ करून बसायला लागले. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, येडी झाली म्हणाले असते.

तर, दुकान. दादाचा फ्लेक्स इथंच निघाला होता. लातूरवाल्यानं त्या पोराला बोलतं केलं. किती फ्लेक्स निघतात, कोण भांडतं, नाव खाली आलं म्हणून कोण रुसतं, मेलेल्याच्या फ्लेक्सवर जित्यांचेच फोटो जास्त कसे असतात. मी लिहून घेत होते. मग त्या पोरानं हौसेनं कॉम्प्युटरवर 'बॉडी' दाखवल्या. कोट. जाकीट. नेहरू शर्ट. फेट्यासकट एक. सगळ्या बिनडोक्याच्या, रांगेनं उभ्या. कोटाचं अंग कुठून आणलं विचारलं तर म्हणाला, "काय माहीत ताई, आधीपासून हाय." ते अंग कुणाचं, तो माणूस जिवंत आहे का, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी दादाचं नाव सांगितलं, मायला तो कोटाशिवाय पाहिजे तेही सांगितलं. माझा आवाज कसा होता देव जाणे, लातूरवाल्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. त्या पोरानं शोधलं. "फेस हाय," म्हणाला, "वरिजनल नसतो ठेवत, लई जागा खाते." आणि त्यानं उघडलं. करड्या-पांढऱ्या चौकटींवर दादाचं डोकं. मानेपर्यंत. खाली काही नाही. मानेभोवती, कापायच्या खुणेची, ठिपक्यांची एक रेघ सारखी फिरत होती, आणि दादा हसू दाबून माझ्याकडं बघत होता. रंग अजून त्याचाच होता, गोरा करायच्या आधीचा.

"कोणती बॉडी लावू?" पोरानं विचारलं.

मग लातूरवाला म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच चेष्टा नव्हती, "भावाचा एखादा शर्ट हाय का घरी? मी घालतो. माझं अंग घ्या."

पुढच्या रविवारी तो आमच्या गावी आला. दादाचे कपडे दहाव्यानंतर वाटून टाकले होते, पण एक निळ्या चौकड्यांचा शर्ट मायनं गोधड्यांच्या तळाशी दडवून ठेवलेला. तो तिनं काढला, आणि द्यायला हात पुढं होईना. "गेलेल्याचं कापड, बाबा," म्हणाली, "तुही माय काय म्हणंल?" तो म्हणाला, "काकू, माझी माय लातुरात बसलीय. तिला कोण सांगायलंय?" त्यानं घातला. खांद्याला बरोबर बसला.

ओट्यावर भिंतीशी त्याला उभं केलं. मायनं बटणं लावली. वरचं एक उघडं ठेवलं. बाह्या कोपराच्या खालपर्यंत दुमडल्या. मग त्याचा उजवा हात धरून अंगठा पँटच्या खिशात अडकवला आणि बाकीची बोटं बाहेर ठेवली. दादा तसाच उभा राहायचा. मला आठवतही नव्हतं. हे सगळं करताना तिनं एकदाही त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. तिची नजर गळ्याच्या वर जातच नव्हती.

मी मोबाइल धरला. मानेपासून खालचंच पाहिजे होतं, म्हणून तेवढंच धरलं. पडद्यावर दादा उभा होता. शपथेवर सांगते, दादाच. मला इतकी भीती वाटली की मी त्या बिचाऱ्यावर खेकसले, "हलू नको ना!" तो हललाच नव्हता.

फोटो झाले तरी माय म्हणाली, "र्‍हाऊ दे अंगात. जेवून जाय तसाच." तो हात धुवायला आडाकडं गेला. तेवढ्यात बाबा वावरातून आले. त्यांना आम्ही काही सांगितलंच नव्हतं. त्यांना तो पाठमोरा दिसला, आणि ते चालता चालता सहज म्हणाले, "मोटार बंद केली का रे?"

लातूरवाला न वळता म्हणाला, "हाव, केली."

का म्हणाला ते त्यालाही आजवर सांगता आलेलं नाही. बाबा दोन पावलं पुढं गेले आणि थांबले. मग वळून रांजणाकडं गेले आणि पाय धूत बसले, लई वेळ, धुतलेलेच पाय पुन्हा पुन्हा. जेवताना मायनं त्याच्या ताटात भाकरीवर भाकरी वाढली, आणि त्यानं सगळ्या खाल्ल्या. जाताना शर्ट काढून त्यानं घडी करून दिला. पुढं आठवडाभर तो वर्गात मागच्या बाकावर बसला.

दुकानातल्या पोरानं जोड इतका सफाईदार केला की कुठं मान संपते आणि कुठं दुसरं अंग लागतं ते मलाही दिसेना. चौकट करून घरी नेली. मायनं पदरानं काच पुसली आणि पहिल्यांदा म्हणाली, "हाव. ह्यो आपला हाय." मी रडले. ती नाही रडली.

वर्षश्राद्धाला सगळी भावकी जमली. आत्यानं चंदनाचा हार आणला होता. मायनं फोटोच्या कपाळाला गंध लावलं, हार हातात घेतला, वर उचलला, आणि तिथंच थांबली. दारात लातूरवाला उभा होता, मीच बोलावलेलं त्याला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं.

"घाल की," आत्या म्हणाली.

"हार छातीवर येतोय," माय म्हणाली.

"मंग कुठं येणार बाई?"

"छाती त्या लेकराची हाय. जितं हाय ते."

लातूरवाला पुढं येऊन म्हणाला, "काकू, घाला हो. मला काय व्हायलंय? आपण न्हाई मानत असलं." मायनं त्याला असं झापलं की विचारू नका. "तू न्हाई मानत, तुह्या मायनं मानलं म्हनून तू एवढा झालास! कुणाच्या जित्या लेकराला हार घालू मी?" आत्यानं समजावलं, गुरुजींनी समजावलं, माझ्याही तोंडून निघून गेलं की हा नुसता कागद आहे. पालथ्या घड्यावर पाणी. हार पाटावर ठेवून विधी उरकला, आणि फोटो बिनहाराचा राहिला.

आमचा अंक निघाला. माझ्या लेखाचं कौतुक झालं. त्यात कोट होता, रुसणारे पुढारी होते, दादा नव्हता. कॅन्टीनमध्ये लातूरवाला पोह्याची ताटली पुढं सरकवतो तेव्हा त्याचा हात बघून मी चमचा खाली ठेवते. तो हात आमच्या भिंतीवर आहे. दर सुट्टीला तो निघाला की मी त्याला बजावते, पोचला की फोन कर. मायही मला फोनवर आधी तेच विचारते, "त्यो बरा हाय ना?" मी हो म्हणते. कोण, ते मी विचारत नाही.

आणि आता उन्हाळ्यात, हळद वाळल्यावर, हिंगोलीकडचा एक व्यापारी सौद्याला आला. आमच्याकडं पहिल्यांदाच. मी सुट्टीत घरी होते, आत चहा टाकत होते. पाणी पिता पिता त्याची नजर भिंतीवर गेली. फोटोला हार नव्हताच, गंध तर केव्हाच पुसून गेलं होतं.

"थोरले का हे?" त्यानं विचारलं. "काय करतेत?"

मी कान टवकारले. आता माय सांगेल, तो बिचारा ओशाळेल, मग मी चहा घेऊन जाईन, असं मला वाटलं.

"नांदेडला असतो," माय म्हणाली. "शिकून राहिला."

"लग्नाचं?"

"न्हाई झालं आजून."

"मंग बघा की. आमच्या भावकीत एक पोरगी हाय. घरंदाज माणसं."

बाबा बाहेर पोत्याशी बसले होते, मूठभर हळकुंडं हातात घेऊन. ते तरी सांगतील म्हणून मी दाराआडून त्यांच्याकडं बघत राहिले. बराच वेळ ते हळकुंडं तळव्यावर फिरवत होते.

मग त्यांनी विचारलं, "पोरगी कोणत्या गावची?"