मधलं दार

कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने नागासाकीत होतो. शहर सगळं डोंगरउतारावर. खाली ट्राम, तिथून बस, आणि बस जिथे थांबते तिथून पुढे पायऱ्या. ट्राम असो की बस, मागच्या दारानं चढायचं आणि पैसे उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ द्यायचे. पहिल्या आठवड्यात मी सारखा पुढच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. नंतर पाय आपोआप मागे वळू लागले. बस वळणं घेत चढायची, पण आत कोणी मोठ्यानं बोलत नसे. तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या मला हे पाहायला मिळालं ते आप्पांमुळे. माझे वडील बाजार समितीच्या यार्डात हमाल होते. मी शिकावं म्हणून त्यांनी तीस वर्षं पोती वाहिली.

माझी नोकरी स्कॉटलंडमध्ये, एडिंबराला. तिथे परतलो त्याच आठवड्यात आप्पा पहिल्यांदा माझ्याकडे आले. दुपारी किल्ला दाखवून आम्ही घरी निघालो. स्टॉपवर रांग होती. बसचं मधलं दार उघडलं, माणसं उतरली, आणि मी आप्पांचा हात धरून त्याच दारानं आत चढलो. इथे ते दार फक्त उतरण्यासाठी असतं. चढायचं पुढून, तिकीट काढून. मला हे चांगलं माहीत होतं. पाय मात्र अजून नागासाकीतच होते.

रांगेतला एक दांडगा माणूस आमच्या मागोमाग चढला. फुकटे, रांग मोडणारे, आपल्या देशात चालते व्हा, असं ओरडत त्यानं माझी कॉलर धरली आणि माझं डोकं खांबावर आपटलं. भुवई फुटली. मी तोंड उघडायच्या आत आप्पांचा पंजा त्याच्या गळ्यावर होता. शंभर किलोचं पोतं पेलणारा पंजा. त्या माणसाचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. ड्रायव्हरनं फोन हातात घेतला.

पुढच्याच महिन्यात मला इथे कायम राहण्याचा अर्ज द्यायचा होता. पोलीस आले तर तो गेलाच, आणि आप्पा कोठडीत.

"आप्पा, सोडा. चूक माझी आहे. मी चुकीच्या दारानं चढलो."

त्यांनी गळा सोडला आणि त्याच हातानं माझ्या कानशिलात लगावली. मी सीटवर कोसळलो. शाळेच्या सगळ्या वर्षांत त्यांनी मला बोट लावलं नव्हतं. त्यांनी दुसरी मारली. तिसरीसाठी उचललेला हात त्या माणसानंच धरला. पुरे, पुरे, म्हणत तो खोकत खाली उतरला. ड्रायव्हरनं फोन ठेवून दिला आणि आम्हालाही उतरायला सांगितलं.

घराकडचा चढ आम्ही पायीच चढलो. अर्ध्या वाटेवर आप्पा थांबले आणि खिशातल्या रुमालानं माझी भुवई दाबून धरली.

"यार्डात आपला माणूस चुकला की मुकादमानं आधी मारायचं. मग बाहेरचा हात उचलत नाही."

एवढ्या जोरात मारायची काय गरज होती, मी विचारलं.

"हलकी मारली तर कोणाला पटतंय?" ते चालू लागले. थोड्या वेळानं मागे न बघताच म्हणाले, "दुसरी मात्र माझी होती. एवढं शिकवलं तुला, आणि साधं दार कळत नाही."