दत्ताभाऊंचा कान

बायकोला नाही, भावाला नाही, कुणालाच सांगितलेलं नाही हे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्यासमोर तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

चाकणजवळ पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कंपनीत मी सुपरवायझर आहे. आमच्या शेडमध्ये सगळी प्रेस मशीनं. आवाज कसा सांगू — दणका कानाला नाही, बरगड्यांना बसतो. शेडच्या दारात इअरप्लगचा डबा टांगलेला असतो. रोज आत जाताना मी त्यातले दोन घेतो आणि नीट दाबून बसवतो. एक दिवस चुकवलेला नाही.

दत्ताभाऊ घालायचे नाहीत. लातूरकडचा माणूस, माझ्याहून वयानं मोठा, कुरुळीत भाड्यानं राहणारा. ज्या साच्यात पत्रा दाबतात ती डाय बारीकशी जरी तडकली, तरी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. ते हात वर करायचे, मशीन थांबायचं, आणि खरंच केसाएवढी चीर सापडायची. माल वाया जायचा नाही. मीटिंगमध्ये शाबासकी मात्र मला मिळायची.

एकदा त्यांनी प्लग घातले. नेमकी त्याच दिवशी तडकलेली डाय दुपारपर्यंत चालली. मी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, ऑडिटवाले आले की तेवढे घाला. एरवी तुमचा कान आम्हाला हवाय." ते लाजून हसले. त्यांना ते कौतुक वाटलं — आणि त्यांना तसंच वाटावं, हे मला हवं होतं.

इथवरचं तर पुष्कळ सुपरवायझर करत असतील. मला सांगायचंय ते पुढचं आहे.

दरवर्षी गेटजवळ कान तपासायची गाडी येते. आत बंद खोली, डोक्याला हेडफोन. टीं असा आवाज आला की बटण दाबायचं. त्या वर्षी दत्ताभाऊंचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. ऐकणं उतरतंय, आवाजाच्या जागेवरून हलवा, पुन्हा तपासा. वेळ गेलेली नव्हती, हे मला वाचताक्षणी कळलं. पण चोराच्या मनात चांदणं — याला प्लग का नव्हते, असं कुणी विचारलं तर? आणि डाय कोण ऐकणार?

मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. त्यांना म्हणालो, सगळं बरोबर आहे.

"बगा की सायेब, आन् बायको उगंच म्हनती टीव्ही मोठ्यानं लावता," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी फेरतपासणीसाठी गाडी पुन्हा आली. आतल्या पोरीनं नाव आणि टोकन नंबर विचारला. मी दत्ताभाऊंचं नाव सांगितलं, त्यांचा नंबर सांगितला, आणि त्यांच्या जागी जाऊन बसलो. प्रत्येक टीं मला स्वच्छ ऐकू आला. रिपोर्ट नॉर्मल. तो मी स्वतः त्यांच्या हातात दिला.

पुढे एक दिवस पाहिलं, तर दत्ताभाऊ मशीनला तळहात टेकवून उभे होते. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. कानाला कळेना, म्हणून हातानं डाय शोधत होते. तेव्हा तरी बोललो का? नाही. पुढची दोन वर्षंही नाही.

मग ऑफिसात त्यांच्याबद्दल शेरा गेला: हाक मारली तरी लक्ष देत नाहीत. त्यांना कामावरून कमी केलं. कंपनीत कान गेले म्हणून भरपाई मागावी, तर कंपनीचा कागद नॉर्मल. शेऱ्याखाली सही माझी.

गेल्या महिन्यात त्यांच्या खोलीवर गेलो होतो. सांगायचं ठरवून गेलो होतो. वहिनींनी रेशनकार्डाच्या पिशवीतून तो रिपोर्ट काढला, जपून घडी घातलेला. "सायेब, कागदावर तर कान चांगले हायत. मंग आसं कसं झालं वो?"

मी म्हणालो, "वयाचं असतं, वहिनी."

चहा झाल्यावर त्यांनी आतून दत्ताभाऊंना हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली, हळूच. ते माझ्याकडे बघून हसत बसले होते. दोन्ही हाका मला ऐकू आल्या.