खंडेनवमीचे डाग

रियाधमध्ये राहून मी पोलिसांची जुनी रिव्हॉल्वरं ओळखते. माझ्याकडे एकही नाही. माझा सगळा संग्रह फोनमधला, फोटोंचा. हॉस्पिटलची ड्युटी संपली की मेट्रोत बसते आणि जगभरचे संग्राहक जिथे आपापली हत्यारं मिरवतात, त्या ग्रुपवर जाते. ठोकलेला नंबर, मुठीखालची दोरी अडकवायची कडी, कातडी म्यानात घासून झिजलेली नळी पाहून ते कुठल्या पोलिसांकडचं असावं ते सांगते. नवरा वैतागतो.

"अगं, कोणी फोन तपासला तर? या पिस्तुलांपायी इकामा रद्द होऊन हा देश सोडावा लागेल एक दिवस."

"पिस्तुलं नाहीत, रिव्हॉल्वरं," मी म्हणते. त्याने तो आणखी वैतागतो.

मागच्या हिवाळ्यात एका परदेशी संग्राहकाने टाकलेल्या रिव्हॉल्वरवर आमच्या जिल्ह्याच्या पोलिसांचा शिक्का दिसला. माझे बाबा त्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात शस्त्रागार सांभाळायचे. खाली त्याने लिहिलं होतं, की डाव्या बाजूला गंजाचे खड्डे आहेत, या लोकांना हत्याराची निगा राखणं माहीतच नव्हतं, आता घासून पॉलिश करून घेतो.

माझं डोकंच फिरलं. बाबा रोज तेल-फडकं घेऊन बसायचे. जेवतानाही त्यांच्या हाताला तेलाचा वास यायचा. वर्षातून एकदाच त्यांचे हात बांधलेले असत, खंडेनवमीला. पांढऱ्या चादरीवर रिव्हॉल्वरं ओळीने मांडायची, सगळ्यांची तोंडं एकीकडे, आणि प्रत्येकाच्या वर आलेल्या डाव्या बाजूवर त्याच जागी ओलं कुंकू. उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. ओल लोखंड खाते हे बाबांइतकं कोणाला कळत होतं? त्या दिवशी ते घरी येऊन धड जेवतही नसत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी फडकं घेऊन हजर.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. डाग बेपर्वाईचे नाहीत, पूजेचे आहेत. नळीच्या आत बघा, लखलखीत असेल. घासू नका, याची ओळखच जाईल.

"तुमच्याकडे किती रिव्हॉल्वरं आहेत?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नळीच्या आतला फोटो मात्र त्याने टाकला नाही.

"सोडून दे आता," नवरा म्हणाला. "त्याची वस्तू आहे. तो काहीही करेल."

"वस्तू त्याची आहे. माझ्या बाबांना आळशी म्हणायचा हक्क त्याने कुठून विकत घेतला?"



काही आठवड्यांनी नवे फोटो आले. रिव्हॉल्वर स्टीलच्या नव्या भांड्यासारखं चकचकीत. डाग गेले होते, त्यांच्याबरोबर शिक्काही. लोक कौतुक करत होते. त्याने मुद्दाम मला हाक मारून लिहिलं, "बाई, आता ओळखा बघू."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. नवरा शेजारी बसून वाचत होता. मला वाटलं, फोन हातातून काढून घेईल.

"लिही," तो म्हणाला.

मी लिहिलं, "नाही ओळखता येत. काल हे पोलिसांचं होतं. आज हे फक्त तुमचं आहे."