घरी विचारून सांगतो

"घरी विचारून सांगतो," असं म्हणून आमचे बडेबाबू चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि परत फायलीत डोकं घालायचे. विषय तिथं संपला. मग तो सहलीच्या वर्गणीचा असो, की कुणाच्या मुलीच्या लग्नात द्यायच्या आहेराचा.

महाकालाच्या नगरीत, फ्रीगंजमधल्या एका सरकारी ऑफिसात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. खरं नाव पगारपत्रकापुरतं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याची चेष्टा केल्याशिवाय दुपारचा चहा घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे ते होते. टपाल सांभाळणारा बाबू तर रोज विचारायचा, "क्यों बडेबाबू, छींक आए तो भी घर पूछ के छींकते हो?"

ते शांतपणे म्हणायचे, "नहीं भाई, छींक फोकट की है."

पगाराच्या दिवशी साडेपाचला त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ऑफिसच्या फाटकाशी येऊन उभ्या राहत. दोघं चालत कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याकडे जात, एक कचोरी दोघांत घेत आणि बाकावर बसून महिना ठरवत. पगाराचं पाकीट पहिल्यांदा तिथंच उघडायचं, कचोरीचे पैसे द्यायला.

एकदा मीही तिथं सापडलो, तेव्हा त्यांचा कायदा कळला. महिन्यातून एकदा दोघांनाही 'नाही' म्हणायचा हक्क होता. कारण सांगायचं नाही, दुसऱ्यानं विचारायचं नाही आणि रुसायचंही नाही. त्या महिन्यात वहिनींचं 'नाही' केबलच्या कनेक्शनवर खर्च झालं होतं. बडेबाबूंनी आपलं राखून ठेवलं होतं, कारण वहिनींचे भाऊ-भावजय महाकालाच्या दर्शनाला येणार होते.

"पंधरा-पंधरा दिवस हलत नाहीत," ते मला हळूच म्हणाले. वहिनींनी ऐकलं आणि कचोरीचा मोठा तुकडा आपल्याकडे ओढला.

इतकं काय विचारायचं बायकोला, असं मी त्यांना एकदा विचारलंच. तर म्हणाले, "अरे भाई, पगार मी आणतो म्हणून तो माझा होत नाही. विचारलं की दोघांचा होतो. बस, इतकंच आहे." मी हसलो होतो. तेव्हा मला सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं.

नानाखेड्याच्या बाजूला तेव्हा नव्या कॉलन्या होत होत्या. तिथल्या एका लहानशा प्लॉटचे हप्ते ही दोघं सात वर्षं भरत होती. शेवटचा मोठा हप्ता दिवाळीपर्यंत भरला, की प्लॉट त्यांचा होणार होता. भाड्याच्या दोन खोल्यांत राहून वहिनींनी दारात कुठलं झाड लावायचं तेही ठरवून टाकलं होतं. पारिजातक. त्यावर बडेबाबूंनी 'नाही' वापरलं नव्हतं.

ती वर्षंच विचित्र होती. पैसा नुसता ठेवणं म्हणजे मूर्खपणा, असं सगळ्यांना एकाएकी वाटायला लागलं होतं. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक गुळगुळीत बोलणारा एजंट यायचा. तीन महिन्यांत सव्वापट, असं त्याच्या कंपनीचं म्हणणं. आम्ही सगळ्यांनी थोडेथोडे लावले. मी दोन हजार.

त्या दिवशी तो म्हणाला, "आज आखरी दिन है." आणि त्याच दिवशी बडेबाबूंच्या पिशवीत प्लॉटचा तो शेवटचा हप्ता होता. सकाळी बँकेतून काढलेला, संध्याकाळी कॉलनीवाल्याकडे भरायचा. एजंटानं कसं कोण जाणे, हेरलं. दिवाळी अजून चार महिने लांब होती.

"उद्या घरी विचारून सांगतो," बडेबाबू म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला.

तेव्हा मी बोललो. "बडेबाबू, आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या डोक्यानं ठरवा."

सगळे हसले. ते चष्मा पुसत राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग म्हणाले, "कुंपणाची भिंतही होऊन जाईल त्यात," आणि फॉर्म पुढं ओढला.

दुसरा महिना संपायच्या आत कंपनीचं शटर बंद झालं. दिवाळी उलटल्यावर कॉलनीवाल्यानं प्लॉट दुसऱ्याला दिला आणि भरलेल्यातले निम्मे कापून बाकीचे परत केले. माझे दोन हजार गेले, त्याची बोंब मी वर्षभर मारली. बडेबाबूंनी नाही. फक्त एकदा म्हणाले, "फॉर्म भरला त्याच संध्याकाळी तिला सांगितलं होतं मी. एक शब्द बोलली नाही रे. बोलली असती तर बरं झालं असतं."

वहिनी पुढंही पगाराच्या दिवशी फाटकाशी येत राहिल्या. कचोरी एकच असे. पण आता बडेबाबू पाकीट तसंच त्यांच्या हातात देत आणि रस्त्याकडे बघत बसत. वहिनी काहीतरी विचारत, ते म्हणत, "तू म्हणशील ते." ऑफिसातही त्यांनी 'घरी विचारून सांगतो' म्हणणं बंद केलं. चेष्टा आपोआप थांबली. मला फार वाईट वाटायचं, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. रोज त्यांच्याच थर्मासातला चहा मात्र प्यायचो.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांत ते गेले, त्याच भाड्याच्या खोल्यांतून.

दहाव्याला मी राम घाटावर गेलो. मूलबाळ नव्हतं, पुतण्या क्रियेला बसला होता. वहिनी पायरीवर एकट्या होत्या. त्या दिवशी त्यांना डिवचणारा मी होतो, हे आज तरी सांगून टाकायचं, असं ठरवून मी जवळ बसलो. पण वहिनीच आधी बोलल्या. "प्लॉटचं मी चार दिवसांत सोडून दिलं होतं, भाऊजी. पण त्यानंतर पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही 'नाही' म्हटलं नाही. मी मुद्दाम उलटंसुलटं विचारून बघायची. मोठा टीव्ही घेऊ का, म्हणून विचारलं. तर म्हणाले, घे."

तेवढ्यात गुरुजी आले. "गोदान करना है, या दक्षिणा में ही निपटा दें?"

"रुकिए, पूछ के बताती हूँ," वहिनी म्हणाल्या. सवयीनं मान वळवली. बाजूला मी होतो.

"तुम्हीच सांगा भाऊजी," त्या म्हणाल्या. "एकटीच्या डोक्यानं ठरवून ठरवून मी थकले."